‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’, ‘वाळीत टाकलेला’: हे समानार्थी शब्द आहेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला नुकती सुरुवात केली आहे. तीन वाक्यांवर गाडी अडली आहे. पहिल्यात पक्षातला एक बडा नेता ‘अनटचेबल’ आहे. दुसऱ्यात जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याला त्यांच्या समाजाने ‘आउटकास्ट’ केलं आहे. तिसऱ्यात १९३० साली नाशिकच्या मंदिराच्या दारांत ‘अनटचेबल्स’ बसले आहेत. तुम्ही कोश पाहिलेत, तर सगळीकडे तीच माळ मिळाली: अस्पृश्य, अंत्यज, बहिष्कृत, वाळीत टाकलेला, पतित, दलित, हरिजन, वंचित. समानार्थीच आहेत म्हणून तिन्ही ठिकाणी ‘अस्पृश्य’ घातलंत. संपादकांनी पहिल्या दोनांवर लाल रेघ मारली आणि तिसऱ्यावर प्रश्नचिन्ह काढलं. आता तुम्ही विचारता, चुकलं काय?

मी गेली अठ्ठावीस वर्षं नाशिकमध्ये भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. निम्मं काम कागदपत्रांचं, म्हणजे जुने दाखले, खरेदीखतं, कोर्टात लावायची पानं. उरलेलं पुस्तकांचं. या माळेतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाने मला कधी ना कधी फसवलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या वाक्यात तर अर्थच उलटा झाला. ‘तो पक्षात अस्पृश्य होता’ असं वाचल्यावर मराठी वाचक समजणार की याच्याजवळ कोणी बसत नव्हतं, याच्याशी युती करायला कोणी तयार नव्हतं. मूळ वाक्यातल्या माणसावर मात्र कारवाई करायची कोणाची टाप नव्हती. इंग्रजीला तो एक शब्द खाली ढकललेल्या माणसालाही चालतो आणि डोक्यावर बसलेल्यालाही. मराठीला चालत नाही. वरच्यासाठी आपण म्हणतो, त्याच्या केसाला धक्का लावायची कोणाची हिंमत नव्हती, किंवा नुसतं, त्याला हात लावायला कोणी धजत नव्हतं.

असं का होतं हे बघायचं तर शब्दाचं शेपूट बघावं लागतं. अर्थ बऱ्याचदा तिथेच असतो. ‘अस्पृश्य’च्या शेवटी ‘य’ आहे. स्पृश् धातूला लागलेला हा प्रत्यय संस्कृत व्याकरणात ‘कृत्य’ नावाच्या गटात येतो आणि या गटात दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात: ‘करता येण्याजोगं’ आणि ‘करण्यास योग्य’. अभेद्य किल्ला म्हणजे भेदता न येणारा. पण अवध्य दूत म्हणजे मारता न येणारा नव्हे. मारता सहज येतो, फक्त मारू नये असा दंडक आहे. अदृश्य, असह्य, अजेय हे पहिल्या गोटातले. अक्षम्य, अवाच्य हे दुसऱ्या. ‘अस्पृश्य’ व्याकरणाने दोन्हींकडे जाऊ शकला असता. हात न पोचणारा, आवाक्याबाहेरचा, असाही अर्थ त्यातून निघाला असता. रूढीने त्याला ‘शिवू नये असा’ या एकाच अर्थाला जखडलं.

गोम पुढेच आहे. हा शब्द दंडक सांगतो, पण दिसतो ‘अदृश्य’सारखा. वारा अदृश्य असतो तो त्याच्या स्वभावाने, आणि तसंच हा माणूसही जणू स्वभावानेच अस्पृश्य आहे, असं वाटायला लागतं. नियम कोणी केला, कोणाच्या सोयीसाठी केला, ते त्या ‘य’मध्ये कुठेही उमटत नाही. अनुवाद करताना मला हा शब्द जपून वापरावासा वाटतो तो याच कारणाने. तो कानाला बोचतो हे तर आहेच.

इथे माझी एक चूक सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका स्मरणिकेचं मुद्रितशोधन करत होते. लेखात वाक्य होतं, ‘आपल्या साहित्यात अजून अस्पृश्य राहिलेले विषय’. मी काना-मात्रा तपासून पुढे गेले. अंक निघाल्यावर एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, ह्या विषयांना कोणी हात लावू नये असं म्हणायचं होतं, की अजून कोणी लावलेला नाही असं?” मी गप्प. हात न लागलेला तो ‘अस्पृष्ट’, किंवा हल्ली रूढ झालेला ‘अस्पर्शित’. त्यानंतर मी माझ्या यादीत या शब्दापुढे तांबडी खूण करून ठेवली आहे. वर्तमानपत्रांतली ‘राजकीय अस्पृश्यता’ही मला पटत नाही. युती न होणं आणि पाणवठ्यावर पाणी न मिळणं यांना एकच शब्द लावला की दुसऱ्याचं वजन उतरतं. पण ते आता इतकं रुळलं आहे की माझ्या न पटण्याला कोण विचारतो.

संस्कृत बाजूला ठेवलं तर मराठीचा घरचा शब्द आहे ‘शिवाशीव’. तो कोशांच्या समानार्थी माळेत सहसा सापडत नाही याचं मला नवल वाटतं, कारण गावाकडची वयस्क माणसं अजून तोच वापरतात: ‘आमच्या लहानपणी फार शिवाशीव होती.’ मूळ क्रियापद शिवणे. त्याची गंमत पाहायची तर सकाळी रामकुंडावर जाऊन उभं राहा. दहाव्याचा पिंड ठेवलेला असतो, नातेवाईक हात जोडून थोडे लांब सरकलेले असतात, आणि कुजबूज चाललेली असते, “शिवला का?” कावळा शिवला की सगळ्यांचे खांदे सैल पडतात. नाही शिवला तर कोणीतरी पुढे होऊन गेलेल्या माणसाला कबूल करतं, “मुलीचं लग्न करून देऊ, काळजी करू नका.” त्याच घरात सुनेला ‘कावळा शिवला’ की तिने चार दिवस बाजूला बसायचं. एकच पक्षी, एकच क्रियापद. पिंडाला शिवला तर आत्म्याची वाट मोकळी, बाईला शिवला तर घरातलं पाणी बंद.

आमच्या घरात सोवळं होतं. म्हणजे मी कुठून बोलते आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आजी ओलेत्याने स्वयंपाकघरात शिरली की आम्हाला दाराच्या चौकटीबाहेर थांबावं लागे. अक्षरशः अर्थ घेतला तर त्या वेळी शिवू नये अशी व्यक्ती आजी होती. सुतकातल्या माणसालाही शिवत नाहीत. पण सुतक फिटतं, सोवळं जेवणं झाल्यावर सुटतं. ‘शिवू नये’ एवढ्या अर्थावर थांबलात तर देवघरातली आजी आणि वेशीबाहेरचा माणूस एकाच रांगेत येऊन बसतात.

राज्यघटना लिहिणाऱ्यांना हा पेच ठाऊक असावा. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण तो शब्द इंग्रजी मसुद्यात अवतरणचिन्हांत ठेवला आणि त्याची व्याख्या कुठेच दिली नाही. १९५८ साली म्हैसूर उच्च न्यायालयापुढे हा मुद्दा आला तेव्हा न्यायालयाने त्या अवतरणचिन्हांकडेच बोट दाखवलं. शब्दशः अर्थ घेतला तर साथीच्या रोगाने आजारी असलेले, जन्म-मृत्यूमुळे काही दिवस दूर ठेवलेले, जातीच्या भांडणातून बहिष्कार पडलेले, सगळेच त्यात येतील. कलमाला ते अभिप्रेत नाही. या देशात इतिहासातून जी प्रथा घडत आली, ती अभिप्रेत आहे. माझ्या मते अनुवाद करणाऱ्याने हा निकाल एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. कोशातला अर्थ आणि इतिहासातला अर्थ यांत फरक कसा करायचा, हे एवढ्या स्वच्छपणे मी भाषेच्या वर्गातही ऐकलं नव्हतं.

आता दुसरं शेपूट. दलित, बहिष्कृत, वंचित, शोषित, उपेक्षित या सगळ्यांच्या शेवटी ‘त’ आहे. हे भूतकाळवाचक धातुसाधित. इथे काहीतरी केलं गेलं आहे, म्हणजे करणारा कोणीतरी आहे. ‘दलित’मधला दल् धातू आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. दळणे त्यातलंच, डाळही त्यातलीच. हरभरा जात्यातून एकदा काढला की दोन फाका होतात, ती डाळ. तळी फिरत राहिली की पीठ. दलित म्हणजे असा भरडला गेलेला. जातं कोणीतरी फिरवत असतं, हे त्या शब्दात आपोआप येतं. ‘वंचित’ला आपण ‘ज्याला मिळालं नाही तो’ एवढाच अर्थ देतो, पण वञ्च् म्हणजे फसवणे, ठकवणे. वंचित म्हणजे मूळचा ठकवला गेलेला.

मात्र ‘त’ दिसला की लगेच विश्वास टाकायचा नाही. ‘पतित’लाही ‘त’ आहे. पण पत् म्हणजे पडणे. पडणारा स्वतःच पडतो, त्याला कोणी ढकललं असं शब्द म्हणत नाही. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींना खुलं म्हणून उभं राहिलं. त्या काळात ते धाडसाचं होतं, आणि पतितपावन हे देवाचं जुनंच नाव. तरीही ज्याला पावन करून घ्यायचं तो ‘पडलेला’ आणि पायरीवर उभा राहून अडवणारा कोणीच नाही, असा हिशेब त्या शब्दात शिल्लक राहतो. दलित आणि पतित यमकात बसतात म्हणून कवितेत शेजारी येतात. अर्थाने मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

‘अंत्यज’वर फार वेळ घालवत नाही. शेवटी ‘ज’, म्हणजे जन्मलेला. शेवटी जन्मला तो. दोष थेट जन्मावर. हा शब्द जुन्या ग्रंथाच्या किंवा तसं बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी सोडून कुठेच वापरू नका. चार वर्णांबाहेरचा पाचवा म्हणून ‘पंचम’ हा मद्रासकडचा शब्द, आपल्याकडे रुळला नाही. ‘चांडाळ’ तर आपण शिवी करून टाकला, ‘चांडाळचौकडी’ म्हणताना कोणाला जात आठवत नाही. पण अनुवादात तो आणू नका. आठवणारे वाचक असतात.

शेपटाइतकंच महत्त्वाचं दुसरं: शब्द कोण कोणासाठी वापरतो आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली सभा स्थापन केली तिचं नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ साली काढलेलं पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’. अस्पृश्य हा शब्द तेव्हा सगळीकडे चालत असताना नावासाठी त्यांनी ‘त’वाला शब्द घेतला, हे मला फार बोलकं वाटतं. लेखांत आणि भाषणांत ते ‘अस्पृश्य’ही वापरत. प्रश्न काय आहे ते सांगायला तो शब्द लागे. स्वतःची ओळख सांगताना मात्र बाहेर काढणाऱ्यावर बोट ठेवणारा. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या सरकारी शब्दाचं काय झालं तेही बघा. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. मराठीत त्या संस्थेसाठी ‘निराश्रित’ हा शब्द घेतला गेला. काम मोठं होतं, पण दबलेला आणि आसरा नसलेला यांत केवढं अंतर! आज ‘निराश्रित’ म्हटलं की आपल्याला फाळणीनंतरच्या छावण्या किंवा तहसील कचेरीतल्या अनुदान योजना आठवतात. शब्द असे घर बदलतात.

‘हरिजन’ची गोष्ट तर नाशिकशी बांधलेली आहे. गांधीजींनी हा शब्द १९३२ च्या सुमारास उचलून धरला, १९३३ पासून त्या नावाचं साप्ताहिक निघू लागलं. १९३८ साली मुंबई विधानसभेत लोकल बोर्डांच्या कायद्याची दुरुस्ती आली आणि तिच्यात ‘हरिजन’ हा शब्द घालायचं ठरलं. त्याला विरोध करायला उठलेल्यांत होते आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब. अस्पृश्य जर देवाची माणसं, तर स्पृश्य कोणाची, राक्षसांची काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शब्द कायम राहिला तेव्हा आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. आठ वर्षांपूर्वी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ज्यांनी लाठ्या-दगडांची भीड ठेवली नव्हती, ते एका शब्दासाठी सभागृह सोडतात. ‘नावात काय आहे’ म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. हरिजन शब्दात दंडक नाही, करणारा नाही, जन्मही नाही. तक्रार करायला जागाच ठेवलेली नाही. पुढे १९८२ मध्ये केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर हा शब्द लिहू नये अशा सूचना दिल्या.

‘दलित’ने उलटा प्रवास केला. तो आतून आला. मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन १९५८ साली झालं, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि त्यांच्या जाहीरनाम्याने भूमिहीन, कष्टकरी, स्त्रिया यांनाही त्या शब्दात घेतलं. म्हणून ‘दलित’ आणि ‘अनुसूचित जाती’ यांची अदलाबदल करू नका. अनुसूचित म्हणजे यादीत घातलेला, कायद्याचा कोरडा शब्द, आणि कोरडा आहे हीच त्याची सोय. २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वृत्तवाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याचा सल्ला दिला, तेव्हा माझ्या ओळखीतले काही जण खूश झाले, काही चिडले. चिडणाऱ्यांचं म्हणणं असं की यादीतलं नाव सरकारने दिलं, हे आम्ही घेतलं होतं. शिवाय आपल्या भागात अनेक घरांत तुम्ही ‘दलित’ म्हणालात तर लगेच दुरुस्ती होते: “आम्ही बौद्ध.” १९५६ नंतर ते त्यांचं उत्तर आहे. जिवंत माणसाबद्दल लिहिताना तो स्वतःला काय म्हणवतो ते विचारून घ्या, एवढा साधा उपाय असताना कोश उघडायचा कशाला?

कागदपत्रांत मात्र नियम वेगळा. मध्यंतरी एक आजोबा नातवाच्या जात पडताळणीसाठी कागद घेऊन आले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा चांगला धरतात, म्हणून त्यांनी वडिलांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढून आणला होता. चार घड्या पडून कागद सांध्यांवर फाटलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला. जातीच्या रकान्यात निळ्या शाईने ‘हिंदू हरिजन’. आजोबा म्हणाले, “बाई, हे खोडून नीट जात लिहिता येईल का? तो मास्तर सगळ्यांनाच तसं लिहायचा.” मला येत नव्हतं. भाषांतरात तोच शब्द, तसाच, ठेवावा लागला. भाषांतरकाराने कागद सुधारायचा नसतो, दिसेल तसा दाखवायचा असतो. तिथे मी ‘अनुसूचित जाती’ घातलं असतं तर भाषांतर खोटं ठरलं असतं आणि फटका नातवाला बसला असता. तेव्हा जुन्या मजकुरातला शब्द शाबूत ठेवायचा, आपल्या निवेदनातला बदलायचा. तुमच्या तिसऱ्या वाक्यावर संपादकांनी प्रश्नचिन्ह का काढलं ते इथे आहे. त्यांना कळत नव्हतं की ‘अस्पृश्य’ म्हणणारा आवाज १९३० चा आहे की तुमचा.

दुसऱ्या वाक्याकडे वळते, कारण तिथे मराठी फार श्रीमंत आहे आणि तुम्ही तिजोरीला हातच लावला नाहीत. समाजाने जोडप्याला ‘वाळीत टाकलं’. वाळणे म्हणजे टाकणे, वगळणे. उन्हात कपडे वाळतात त्याच्याशी याचा संबंध लावू नका, मलाही शाळेत तसंच वाटायचं. वाळीत टाकलेला माणूस आधी आत होता. ‘अस्पृश्य’ ठरवलेल्याला आत कधी घेतलंच नव्हतं. पहिला फरक हा. दुसरा त्याहून मोठा: वाळीत टाकलेल्याला परत येण्याचा रस्ता असतो, मग तो कितीही अपमानाचा असो.

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे, पौष वारीला दिंड्यांमधून हजारो माणसं तिथे येतात. ती चारही भावंडं परंपरेप्रमाणे ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेली. ब्राह्मण घरात जन्मलेली, तरी मुंज नाही, पंगत नाही. शुद्धिपत्र आणायला पैठणला चालत गेलेली. शुद्धिपत्र नावाचा कागद असू शकतो, ही कल्पनाच वाळीत टाकण्याच्या व्यवस्थेची. ‘अस्पृश्य’ म्हटल्या गेलेल्या कोणालाही कुठल्या धर्मपीठाने तसा कागद देऊ केला नाही, कारण त्यांनी नियम मोडला असं कोणी म्हणतच नव्हतं. १८९० मध्ये पुण्यात मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं रण माजलं, रानडे आणि टिळकही त्यात ओढले गेले, शेवटी प्रायश्चित्तं घेऊन वाद मिटवावा लागला. याला जुना मराठी शब्द ग्रामण्य. जातीतल्या अशा तंट्यांसाठी पेशवाईपासूनच्या कागदांत तो येतो. पंगतीला बसू न देण्यासाठी ‘अपांक्तेय’ हा भारदस्त शब्द, व्यवहार बंद केलेल्यासाठी ‘अव्यवहार्य’. यातला ‘अव्यवहार्य’ आज आपण ‘न जमण्याजोगी योजना’ या अर्थाने वापरतो, त्यामुळे जुन्या कागदात तो माणसाला लागलेला दिसला की दचकायला होतं.

तुमच्या जोडप्यासाठी बोलीतलं हवं असेल तर ‘जातीबाहेर काढलं’, ‘पंगतीला घेणं बंद केलं’, ‘रोटी-बेटी तोडली’, ‘बोलणं-चालणं बंद केलं’. नुसतं ‘बहिष्कार टाकला’ही चालेल, पण मग काय काय बंद झालं ते एका वाक्यात दाखवा. किराणा मिळतो का, मयताला खांदा द्यायला कोणी येतं का, देवीच्या वर्गणीचे पैसे परत पाठवले का. वाळीत टाकणं असंच दिसतं. आणि हे जुनं झालेलं नाही. जातपंचायतींविरुद्धची ‘जातपंचायतीला मूठमाती’ मोहीम २०१३ साली आपल्या नाशिकमधूनच सुरू झाली. त्यानंतर राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६ चा तो कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. म्हणजे अस्पृश्यता पाळण्याचा गुन्हा वेगळ्या कायद्यात आणि वाळीत टाकण्याचा वेगळ्या. शब्दकोशाने एकत्र बांधले तरी कायद्याने ते सोडवून ठेवले आहेत.

माळेतले उरलेले भराभर. ‘हद्दपार’ आणि ‘तडीपार’ पोलिसांचे. निवडणूक आली की इथे रोज बातमी. त्यात समाजाचा हात नाही, आदेश आणि मुदत असते. ‘ओवाळून टाकलेला’ म्हणजे वाया गेलेला, त्याला बहुधा घरच्यांनीच सोडलेलं असतं. ‘टाकलेली’ हे बाईला लागतं, तिथे ‘परित्यक्ता’ म्हणा, आणि खरं तर ‘नवऱ्याने सोडलेली’ म्हणा, म्हणजे सोडणारा दिसेल. ‘गावकुसाबाहेरचा’ हा मला आवडणारा शब्द, कारण तो भिंत दाखवतो. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. फलक बदलले, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मात्र लोक अजून जुनंच नाव सांगतात.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, ‘ज्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही’ अशा लोकांना काय म्हणायचं. त्यांना अस्पृश्य-बहिष्कृतांच्या माळेत घालू नका. सुरगाणा, पेठकडचे पाडे ‘दुर्गम’. पण ते सरकारच्या बाजूने दुर्गम. पाड्यावरच्या बाईला विचाराल तर दूर आहे ते नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल. माणूस भेटतच नसेल तर ‘हाताला लागत नाही’, गोष्ट परवडत नसेल तर ‘आवाक्याबाहेर’, मिळतच नसेल तर ‘अप्राप्य’. आणि फोन न उचलणाऱ्या आमदारासाठी मराठी पत्रकारितेने ‘नॉट रिचेबल’ कायमचं दत्तक घेतलं आहे, त्याला प्रतिशब्द शोधत बसू नका. ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ म्हटलं की तो बिचारा खरंच डोंगरात अडकलाय असं वाटतं.

एक सावधगिरी. तुमच्या पुस्तकात पुढे ‘पराया’सारखा ऐकू येणारा ‘परिया’ शब्द येईल. त्याचा आपल्या ‘पराया’शी संबंध नाही. तमिळमध्ये परै म्हणजे चामड्याचं वाद्य, त्यावरून परैयर हे एका समाजाचं नाव, आणि युरोपी लोकांनी त्याची ‘कोणालाही नकोसा’ अशी शिवी केली. तिथे ‘परका’, ‘नकोसा झालेला’, ‘सगळ्यांनी तोडलेला’ असं काहीतरी घाला. त्या समाजाची माणसं आजही त्या नावाने जगतात.

आता तुमची वाक्यं. पहिलं: ‘पक्षात त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.’ दुसरं: ‘जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्या दोघांना समाजाने वाळीत टाकलं.’ ‘समाजाने’ हा शब्द गाळू नका. तिसऱ्यासाठी मी काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाज्याशी जाऊन उभी राहिले. घरापासून पाच मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० ला मोर्चा इथे आला तेव्हा दारं बंद होती. मग चारही दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला. आधी ‘अस्पृश्य मानले गेलेले लोक दारांत बसले’ असं सुचवणार होते, पण ‘मानले गेलेले’ म्हटलं की मानणारे पुन्हा पसार. म्हणून असं करा: ‘ज्यांना अस्पृश्य ठरवून मंदिराबाहेर ठेवलं होतं, ते सत्याग्रही चारही दारांपुढे बसले.’ पुढच्या सगळ्या परिच्छेदांत मूळ लेखकाने ‘अनटचेबल्स’ म्हटलं असलं तरी तुम्ही ‘सत्याग्रही’ लिहा, आणि संपादकांनी विचारलं तर ते तिथे सत्याग्रहच करत होते असं सांगा.